समाधानी ठेवीदार

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार २०२३ पर्यंत समाधानी होते. व्याज बारा टक्क्यांपुढे, एजंट ओळखीतला. आणखी काय हवे? मग शाखांपुढे रांगा लागल्या, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकले. जून २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली.

मल्टिस्टेट पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते; निबंधक दिल्लीत. बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांचे विमा संरक्षणही तिथे नाही. हे एजंटने सांगायला हवे होते. पण त्याचे कमिशन ठेव आणण्यावर!

ज्यांचे पैसे अडकलेत, त्यांनी मूळ पावत्या कुणाच्याही हाती देऊ नयेत. १९९९ च्या एमपीआयडी कायद्याने जप्त मालमत्ता विकून ठेवी परत करता येतात.