भांड्यात उभे राहणारे खांब

साहित्य स्वयंपाकघरातलंच. कॉर्नफ्लोर, म्हणजे सूप दाट करायला वापरतात ते पांढरं पीठ. त्याच्या वजनाइतकं पाणी, बुरशी धरू नये म्हणून ब्लीचचे दोन-चार थेंब आणि वर उष्णता देणारा दिवा. सपाट बुडाच्या काचेच्या भांड्यात हे मिश्रण ओतायचं आणि वाळू द्यायचं. लाव्हा थंड होताना त्याचे उभे बहुकोनी खांब का होतात, हा भूयांत्रिकीतला जुना प्रश्न. तो सोडवायला लाव्हा वितळवत बसण्यापेक्षा पीठ वाळवणं कितीतरी सोपं. पीठ वाळताना असे खांब होतात हे एकोणिसाव्या शतकातही ठाऊक होतं, पण बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून होणाऱ्या काळ्या खडकाची, प्रतिकृती म्हणून त्यांचा नीट अभ्यास गेरहार्ड म्युलर या जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये मांडला. खडकांमधल्या आकृतिबंधांवर कार्यशाळा भरते तेव्हा गणिती, भूवैज्ञानिक आणि स्थापत्य अभियंते यांना एकाच टेबलाभोवती आणायला हे भांडं फार उपयोगी पडतं.

आधी पीठ खाली बसतं, घट्ट होतं. मग पहिल्या भेगा पडतात. रुंद, थेट बुडापर्यंत गेलेल्या, एकमेकींना काटकोनात भिडणाऱ्या. भेग पडली की तिला आडवा असलेला ताण सुटतो आणि तिच्या दिशेनं जाणारा ताण उरतो. पुढची भेग या उरलेल्या ताणाला छेदत येते, म्हणून जुन्या भेगेला ती काटकोनात मिळते. आटलेल्या तळ्याच्या गाळात हेच दिसतं.

नवखा माणूस इथेच भांडं आवरायला निघेल. पण पिठाच्या कणांमधल्या फटींत अजून बरंच पाणी अडकलेलं असतं.

ते पाणी सावकाश, वरून खाली आटत जातं. वर कोरडं, खाली ओलं, आणि मधला पातळ थर आकसणारा. हा थर जसा खाली सरकतो तशा त्याच्याबरोबर बारीक भेगाही खाली उतरतात, आणि उतरता उतरता त्यांचे काटकोन मोडून तीन भेगा जवळपास सारख्या कोनांत मिळू लागतात. काही दिवसांनी ढेकूळ हलक्या हातानं फोडलं, की आतून काड्यांच्या जुडीसारखे खांब सुटे होतात. कुणाला पाच बाजू, कुणाला सहा, कुणाला सात. वरच्या टोकाला ते बारीक असतात, खाली जाड. काही खांब मध्येच संपलेले असतात आणि त्यांची जागा शेजाऱ्यांनी घेतलेली असते.

खाली जाड का, यातच सगळी गोम आहे. थर जितका खोल जातो तितकी वाफेला बाहेर पडायची वाट लांबते आणि वाळण्याचा वेग मंदावतो. वेग जास्त असेल तेव्हा आकसणारा थर अरुंद असतो, ताण थोड्या अंतरात झपाट्यानं बदलतो, आणि भेगा जवळजवळ पडतात. वेग कमी झाला की त्या लांब लांब पडतात. टोरांटो विद्यापीठात लुकास गोरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी भांड्याच्या वजनातली घट मोजत वाळण्याचा वेग ताब्यात ठेवला, तेव्हा खांबांची जाडीही ताब्यात राहिली. २००९ मध्ये त्यांनी एल. महादेवन यांच्यासह पिठाचे बारीक खांब आणि बेसाल्टचे फूट-दोन फूट रुंदीचे खांब एकाच सूत्रात बसवून दाखवले. पदार्थ वेगळे, एकात पाणी आटतं तर दुसऱ्यात उष्णता जाते, तरी हिशेब जुळतो. या विषयातलं इतकं देखणं काम क्वचितच सापडेल.

खडकात निवण्याचा वेग वाचायची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. बेसाल्टच्या खांबाच्या बाजूवर आडव्या पट्ट्या असतात. भेग एका दमात पुढे जात नाही. थोडी सरकते, थांबते, खडक आणखी निवला की पुन्हा सरकते, आणि प्रत्येक टप्पा एक पट्टी मागे ठेवतो. पट्ट्या अरुंद असल्या तर खडक भराभर निवला असं समजायचं. पिठासारखं न होता खडकात खोलवरही खांबांची जाडी सारखी राहते, कारण भेगांत उतरलेलं पाणी तिथे उकळतं आणि उष्णता वर घेऊन जातं.

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेमध्ये असे सुमारे ४०,००० खांब आहेत. सगळेच षटकोनी नाहीत. पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, साठेक मीटर उंच, उभ्या खांबांचा काळा कडा. खाणकामानं कापलेला आणि इमारतींनी वेढलेला. विज्ञानाच्या सहलीला मुंबईतल्या प्रत्येक शाळेनं इथे यायला हवं.

आणि या भेगा नुसत्या पाहण्यापुरत्या नाहीत. दख्खनच्या अखंड बेसाल्टात पाणी फारसं मुरत नाही. ते साठतं वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या सांध्यांत, म्हणजे अशाच भेगांत. म्हणून हे सांधे किती जवळ आहेत, किती उघडे आहेत आणि एकमेकांना कुठे मिळतात, यावर इथल्या विहिरींचं पाणी बरंचसं अवलंबून असतं.