पांढऱ्या बगळ्यांची ओळख व छायाचित्रण

हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि पूर्णा, कयाधू व पैनगंगा यांचे काठ आणि सिद्धेश्वर व इसापूर येथील जलाशय यांमुळे बगळ्यांच्या निरीक्षणास येथे चांगला वाव आहे. ‘पांढरा तो बगळा’ एवढ्यावरच विद्यार्थी बहुधा थांबतात. वस्तुतः पांढऱ्या बगळ्यांच्या जाती अनेक असून त्या ओळखण्यासाठी चोच, पाय व वागणूक यांकडे लक्ष द्यावे लागते.

गायबगळा : चोच आखूड व पिवळी. गुरांच्या व नांगराच्या मागे फिरून हा उडालेले नाकतोडे टिपतो. विणीच्या काळात डोके, मान व पाठ यांवर नारिंगी छटा येते.

लहान बगळा : चोच व पाय काळे, पायांची बोटे मात्र पिवळी. उथळ पाण्यात पाय हालवून हा मासे उठवितो.

मध्यम व मोठा बगळा : विणीचा काळ सोडून दोहोंची चोच पिवळी असते. तोंडाची रेषा डोळ्याखालीच संपली तर तो मध्यम बगळा. डोळ्याच्या मागे गेली तर मोठा बगळा होय.

कोकणच्या किनाऱ्यावर याखेरीज समुद्रबगळा आढळतो. तो राखाडी व पांढरा अशा दोन्ही रूपांत असतो. म्हणजे एकट्या रंगावर विसंबणे तेथेही चुकीचे ठरते.

छायाचित्रासाठी सकाळची कोवळी उन्हे उत्तम. सूर्य पाठीशी असावा. काळसर पाण्यापुढे उभा असलेला पांढरा पक्षी छायाचित्रात चुन्याच्या ठिपक्यासारखा उमटतो, कारण कॅमेरा अंधाऱ्या भागाकडे पाहून प्रकाश वाढवितो. तो प्रकाश थोडा कमी केल्यास पिसे स्पष्ट येतात. चोच व पाय दिसतील असेच चित्र ओळखीस उपयोगी पडते.

बगळे पावसाळ्यात झाडांवर वसाहतीने घरटी करतात. माणूस जवळ गेल्यास आईबाप उडून जातात. उघडी पडलेली अंडी व पिल्ले कावळ्यांच्या तावडीत सापडतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील टोप्यांसाठी लागणारे तुरे याच विणीच्या काळात पक्षी मारून मिळवीत, आणि मागे पिल्ले उपाशी मरत. पुढे 1902 साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस बंदी घातली. आज बगळ्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याचे संरक्षण आहे.

म्हणून शिक्षकांनी घरट्यांच्या झाडापासून मुलांना दूर ठेवावे. पाणवठ्यावरही मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच न्यावे. तारीख, वेळ, स्थळ, चोच, पाय व वागणूक अशी नोंद प्रत्येकाने करावी. पक्षी मान ताठ करून पाहू लागला की तेथेच थांबावे. चित्र हुकले तरी चालेल. पिल्ले मात्र सुखरूप राहिली पाहिजेत.