एका मण्यामागे एक लिटर

बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. त्यावर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे अंगणातली धूळ जेमतेम बसेल एवढा, तरी पाणी होतं ९६६ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये भरायचं ठरवलं तर साडेनऊ लाखांहून जास्त टँकर लागतील. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर आकडा जातो सुमारे २३९ टीएमसीवर. जायकवाडी धरणाची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या आसपास आहे. दोन जायकवाडी काठोकाठ भरून वर उरेल इतकं पाणी ज्या जिल्ह्याच्या डोक्यावर पडतं, तिथल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. ते बघवत नाही.

याच जिल्ह्यानं एक चांगली गोष्ट करून दाखवली. महामार्गांना भरावासाठी माती-मुरूम हवा होता आणि तलाव-नाले गाळानं भरले होते. २०१७ पासून तलाव-नाले खोल करून निघालेली माती रस्त्यांना दिली गेली. ४९१ किलोमीटर महामार्गांसाठी सुमारे ५५ लाख घनमीटर माती निघाली आणि तेवढीच जागा पाण्याला मिळाली. हाच तो ‘बुलढाणा पॅटर्न’. ५५ लाख घनमीटर म्हणजे ५५० कोटी लिटर! मात्र वरच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा. एवढी यंत्रं चालली, एवढे डंपर धावले, तरी जागा झाली ती जिल्ह्यावर पडणाऱ्या सुमारे अर्ध्या मिलिमीटर पावसाची. काम मोठंच आहे, पण आभाळ त्याहून कितीतरी मोठं आहे.

सिंदखेडराजाहून जालन्याकडे निघालं आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की कडवंचीचा शिवार लागतो. त्याच आभाळाखालचा, त्याच दुष्काळी पट्ट्यातला. इथं १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि चर झाले. पुढं शेततळी आली आणि गाव द्राक्षाचं झालं. पाणलोट १,८८८ हेक्टरांचा. ७०० मिलिमीटर पावसाचं इथं १,३२२ कोटी लिटर पाणी होतं. शेततळी पाचशेहून जास्त आहेत. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल अशा एका तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. पाचशेंचे झाले ११० कोटी. म्हणजे एवढी सगळी तळी मिळूनही पावसाचा बारावा हिस्साच धरतील. खरा साठा बांधानं अडवून जमिनीत मुरवलेला. म्हणूनच विहिरीतलं पाणी उपसून तळं भरण्याची जी रीत राज्यात बोकाळली आहे, ती मला साफ चुकीची वाटते. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या एका तळ्यातून रोज ७,२०० लिटर उडतं. दोन महिन्यांत चार लाख लिटर.

चार लाख लिटर म्हणजे किती, ते द्राक्षातच मोजू. ठिबकवरच्या एकरभर बागेला वर्षाला ढोबळमानानं २० लाख लिटर लागतं आणि त्यातून १० टन माल निघतो. किलोला २०० लिटर. पाच किलोच्या पेटीमागे हजार लिटर. पाच ग्रॅमचा एक मणी घ्या, त्याच्यामागे एक लिटर! त्या मण्यात प्रत्यक्षात पाणी असतं चार मिलिलिटर. बाकीचं पानांतून आणि उघड्या मातीतून हवेत गेलेलं. तळ्यातून उडालेले चार लाख लिटर म्हणजे दोन टन द्राक्षं.

पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा हिशेब तर कुणी काढतच नाही. असं तळं आतून मढवायला कडेच्या दुमडीसकट अकराशे चौरस मीटर कागद लागतो. ५०० मायक्रॉनच्या त्या प्लास्टिकचं वजन भरतं पाचशे किलोच्या वर. पाचशे तळ्यांना असा कागद घातला तर २६० टन. उन्हानं तडकला की तो बदलावाच लागतो आणि जुना बांधाच्या कडेला गुंडाळून पडतो. कागद विकणाऱ्या कंपनीनंच तो परत न्यावा, अशी अट अनुदानाच्या कागदपत्रात असायला हवी.

द्राक्षाच्या छाटलेल्या काडीचं तसं नाही, ती शेतातच जिरवता येते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मिळून वेलीमागे दोन किलो ओली काडी धरा. दहा बाय पाच फुटांवर एकरी ८७० वेली, म्हणजे पावणेदोन टन काडी. राज्यात द्राक्ष एक लाख हेक्टरांहून जास्त, तेव्हा दर वर्षी चार लाख टनांच्या वर काडी निघते. बरीचशी बांधावर पेटवली जाते. जे जाणते आहेत ते ट्रॅक्टरच्या यंत्रानं कुट्टी करून ती ओळीत, ठिबकच्या नळीवर पसरतात आणि वर शेणकाला टाकतात. महिन्याभरानं कुट्टी बाजूला सारली तर खालची माती गार आणि ओलसर लागते, पांढऱ्या मुळ्या वरपर्यंत आलेल्या दिसतात. एवढ्यानं त्या वीस लाखांतले दहा टक्के जरी वाचले तरी एकरी दोन लाख लिटर होतात. तेवढ्यात आणखी टनभर द्राक्षं पिकतील, नाहीतर मे महिन्यात गावाला वीस टँकर कमी मागवावे लागतील.