आधी छातीत नळी, मग हैदराबादचा रस्ता

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातल्या गावांत बैलाचे शिंग बरगडीत घुसते, कधी भांडणात चाकू लागतो. बाहेरून जखम दोन बोटांची दिसते. घरची मंडळी घाबरून थेट हैदराबाद किंवा सोलापूरची गाडी करतात आणि तिथेच घात होतो. एकट्या बीदर ते हैदराबाद प्रवासाचे अंतर सुमारे 140 किलोमीटर आहे.

छातीला भोक पडले की फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा आणि रक्त साचते, फुप्फुस आक्रसते. आत शिरलेली हवा कोंडत गेली तर हृदय एका बाजूला ढकलले जाते, त्याच्याकडे परतणारे रक्त अडते आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेसाठी थांबत नाहीत. लक्षणे ओळखून सुईने किंवा नळीने हवा मोकळी करतात.

थोडी उसंत असेल तर खाटेवरच सोनोग्राफी होते. निरोगी फुप्फुस श्वासागणिक सरकताना दिसते. मध्ये हवा आली की ते सरकणे दिसेनासे होते. हृदयाभोवती साचलेले रक्तही कळते. एक्स-रे शक्यतो बसवून काढतात, कारण झोपवून काढलेल्या फिल्मवर लिटरभर रक्तसुद्धा नुसते धुरकट दिसू शकते. पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी काही तासांनी दुसरा काढतात. जखम स्तनाग्राच्या खाली असेल तर पोटही तपासावे लागते. श्वास सोडताना छाती-पोटामधला पडदा तितका वर येतो. रुग्ण स्थिर असला तरच सिटी स्कॅन.

बहुतेकांना मोठे ऑपरेशन लागत नाही. काखेखाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून नळी घालतात. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेले असते. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण परत आत जात नाही. नळीतून एकदम दीड लिटर रक्त आले, किंवा तासाला 200 मिलीप्रमाणे येतच राहिले, तर मात्र छाती उघडावी लागते.

म्हणून आधी बीदरचे ब्रिम्स, कलबुर्गीचे जिम्स किंवा सर्जन असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय गाठा. पुढे न्यायचे की नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील. रुतलेली वस्तू उपसू नका, ती हलणार नाही असा कापडाचा आधार द्या आणि 108 ला फोन करा. पोलीस केसच्या भीतीने वेळ दवडू नका. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावले आहे.