मुठीची खिडकी

टपरीचा झाप वर उचलून काठीचा टेकू देतात ना? अमेरिकेत 1950 च्या सुमारास बांधलेल्या पुष्कळ घरांच्या खिडक्या तशाच आहेत. बिजागरी वर. काठी मात्र नाही. आतून मूठ फिरवली, की पेटीतले दातेरी चाक फिरते, दांडी खिडकीला बाहेर ढकलते. वारा येतो, पाऊस नाही.

पुढे दाते झिजतात. मूठ नुसतीच फिरते. खिडकी मिटत नाही, अन् हिवाळ्यात घर गारठते. पेटी करणारा कारखाना पुष्कळदा बंद झालेला!

जाणता सुतार आधी दांडी सोडवून खिडकी हाताने ढकलतो. तीच अडली, तर दोष बिजागरीचा. कधी मुठीचेच दाते गेलेले असतात; मग नवी मूठ पुरते. पेटीच गेली, तर स्क्रूच्या भोकांमधले अंतर अन् दांडीची लांबी मोजायची. माप जुळले, की दुसऱ्या कारखान्याची पेटीही बसते. म्हणून जुनी पेटी फेकत नाहीत, दुकानात नेतात.