मुंबईचा मराठा खंदक

मराठ्यांच्या ज्या धास्तीने मुंबईकर इंग्रजांनी कोटाभोवती खंदक खणला, ती आपल्या रायगड-माणगावच्या मुलखातूनच वर सरकत गेली होती. १७३३ साली रायगड जंजिऱ्याच्या सिद्दीकडून पुन्हा मराठ्यांकडे आला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला गारद केलं. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांची वसई मराठ्यांच्या हाती पडली आणि कंपनी सरकारच्या पायाखालची वाळू सरकली.

कोटाची भिंत १७१६ सालीच पुरी झाली होती. तिला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. तेवढ्यावर आता भागणार नव्हतं. खंदकाचा अंदाज निघाला अडीच लाखांचा. त्यातले ३० हजार रुपये व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भरले. काम १७४३ पर्यंत चाललं. तटावरच्या तोफेपुढे आडोसा नको म्हणून जवळची झाडं तोडली, पुढे घरं हटवली आणि मोकळी जागा वाढवत नेली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे त्याच पट्ट्याचे उरलेले तुकडे. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

मराठी फौज त्या खंदकापर्यंत कधी आलीच नाही. इंग्रजांच्या वतीने कॅप्टन इंचबर्डने चिमाजी आप्पांशी बोलणी केली, कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेला आणि १७३९ च्या जुलैतच तह झाला. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडले गेले.

खंदकाविषयी पुष्कळ लिहिलं जातं. वसईहून आलेल्या माणसांविषयी फार थोडं, आणि मला ते खटकतं. वसईचा वेढा चालू असताना फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, मुंबईकडे हात पसरला, तेव्हा कंपनीने चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन १५ हजार रुपये कर्ज दिलं. चिमाजी आप्पांनी मात्र हरलेल्या शिबंदीला हत्यारं, बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन निघू दिलं. त्यातले बरेच पावसाच्या तोंडावर मुंबईत उतरले. दर्या बंद, त्यामुळे त्यांना पोसण्याचा भार मुंबईच्या तिजोरीवर पडला. पाऊस सरताच, सप्टेंबरअखेर, त्यांना होड्यांत बसवून मुंबईच्या आरमाराच्या पहाऱ्यात चौलला नेऊन सोडलं. समुद्रमार्गेच गोव्याला जा, असा सल्ला आरमाराच्या अधिकाऱ्याने दिला होता. पण ते खुष्कीच्या वाटेने निघाले. गोवा हाकेच्या अंतरावर असताना वाडीकर सावंतांच्या फौजेने त्यांना गाठलं. वसईच्या वेढ्यातून वाचलेले कितीतरी तिथे मारले गेले.