तार बदलण्याआधी तंबोरा बघा!

भजनातल्या तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडीच्या, आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाची. तार तुटली की लोक लगेच नवी घालतात. पण माझे मामा मिरजेत तंबोरे दुरुस्त करतात. ते म्हणतात, "आधी सांगाडा बघावा, मग तारेला हात लावावा."

असे का? तारांचे एक टोक खुंटीला आणि दुसरे भोपळ्याच्या बुडाशी लंगोटाला बांधलेले असते. (हसू नका! तारा अडकवायच्या पट्टीला लंगोटच म्हणतात.) तारा रात्रंदिवस ओढत असतात. तो ताण दांडी, गळ्याचा सांधा आणि तबली सोसतात.

मामा कसे तपासतात, ते मी सुट्टीत पाहिले.

१) तार कुठे तुटली? दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर तिथली कड धारदार झालेली असते. ती घासून गुळगुळीत करावी.

२) एकच तार उतरते का? मग खुंटी सैल आहे. तिला खडू चोळला की ती घट्ट बसते. भोकच झिजले असेल तर खुंटी नवी करावी लागते.

३) चारही तारा उतरतात का? मग गळ्याचा सांधा बघावा. दांडी पुढे ओढली जात असते.

४) घोडीखालची तबली खचली आहे का? तिला थोडी फुगवटी हवी. खचली असेल तर तारा लावूच नयेत, कारागिराकडे न्यावे.

सगळे ठीक असेल तर एकेक तारच बदलावी. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी जागची हलते.

आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या तंबोऱ्याच्या चारही तारा सारख्या उतरायच्या. सगळे म्हणाले, जाड तारा घालू. पण त्याच सुराला जाड तार लावली तर ताण आणखी वाढतो! मामांनी बघितले, तर सांध्याला केसाएवढी फट. जाड तारा घातल्या असत्या तर दांडी भोपळ्यापासून सुटलीच असती. त्यांनी सरस भरून, दोरीने आवळून तो सांधा वाळवला. आता एकादशीला तोच तंबोरा वाजतो.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पालकहो, तुमच्याही देवळात कोपऱ्यात जुना तंबोरा असेल. टाकून देण्याआधी त्याचा सांधा एकदा बघा बरं का!

(इयत्ता सातवी)